पंख्याचं बटण

मी दारातून आत पाऊल टाकलं की सर पंखा लावायचे.

उकडतं म्हणून नाही. थंडीतही. सोल्डरिंगचा धूर बाहेर फेकायला भिंतीत बसवलेला बारा व्होल्टचा पंखा. धूर अजून झालेलाच नसायचा. मी आलेली असायचे. मुरब्याहून, कोळीवाड्यातून. खटकन बटण, नाकाला रुमाल, आणि सगळ्या डिझाइन विभागाला ऐकू जाईल असा प्रश्न:

"आज काय गं? बोंबील की मांदेली?"

हशा. रोजचा.

मला लोकांना हसवायला आवडतं. चार माणसं दिसली की मी सुरू होते, हातवारे करून, आवाज काढून. हेही हसतच सांगते. पण हसताना दात दिसतात, आणि दात चावायलाही असतात.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला लहानसा कारखाना. डिप्लोमा करून मी तिथे उमेदवारीवर लागलेली. कायम करायचं की पॅकिंगला पाठवायचं, ते विभागप्रमुख म्हणून सरांच्या हातात. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली. आई गावभर सांगून आलेली.

एके दिवशी सरांनी मला काम दिलं. एका गिऱ्हाइकाला पंखा असा हवा होता की नॉब फिरवावा तेवढाच वेग. नॉबवर सहा व्होल्ट, तर पंख्यालाही सहा. सर म्हणाले, "नमुना म्हणून आपला भिंतीवरचाच पंखा घे. तू आलीस की बेताबेतानं वाढवता येईल."

पुन्हा हशा. माझाच वास घालवायचं यंत्र मीच बनवायचं!

मी ऑपअँप घेतला, नॉबचे व्होल्ट वाचून तेवढेच पुढे देणारी चिप, आणि घाईत पंखा थेट त्यालाच जोडला. पंखा नुसता थरथरला. चिप चटका बसेल इतकी तापली. ऑपअँप हुशार, पण त्याच्या अंगात करंट थोडा. सरांनी सगळ्यांना बोलावलं. माझा तळहात उघडला आणि त्यावर एक ट्रान्झिस्टर ठेवला.

"ऑपअँप म्हणजे मेंदू. मेंदू ओझी उचलत नाही. त्याला हमाल लागतो. ओळख करून घे, तुझ्याच जातीचा आहे."

तळहातावर तो तीन पायांचा काळा ठोकळा. मी मूठ मिटली. पॅकिंग डोळ्यांसमोर होतं.

ट्रान्झिस्टर लावला. पंखा फिरला. पण नॉबवर सहा, पंख्याला सव्वापाच. ट्रान्झिस्टर तापला की आणखी वेगळंच. ऑपअँप स्वतःच्याच पायावर, म्हणजे पिनवर, सहा मोजत होता आणि खूश होता. पुढे हमालाकडे किती गळतं, त्याला पत्ताच नाही.

त्या रविवारी बाबांची होडी किनाऱ्याला लागत होती. बाबा तांडेल, सुकाणू त्यांच्या हातात. मी सहज विचारलं, "जाळं जड लागलं का ओ?"

"मना काय इचारतेस? दोर ज्याच्या हातात हाय त्याला इचार. तो वरडतो, तवा मी होडी वळवतो."

मी तिथेच वाळूत नाचले. आई म्हणाली, "येडी झाली पोर."

सोमवारी ऑपअँपची मोजायची वायर त्याच्या स्वतःच्या पायावरून काढली आणि ट्रान्झिस्टरच्या पुढे, पंख्याच्या तोंडाशी लावली. आता ऑपअँप पंख्यालाच विचारणार, तुला किती पोचलं? कमी असेल तर स्वतः जोर वाढवणार. नॉबवर सहा, पंख्याला सहा.

सरांनी विचारलं, "कुणी सांगितलं?"

मी मूर्ख. आनंदात होडीची गोष्ट सांगितली.

सरांना हे माहीत नव्हतं असं समजू नका. पुस्तकात तेच आहे, आणि पुस्तक त्यांचं पाठ. पण माझ्या बापाचं नाव आलं आणि चेहरा फिरला. "मेंदू हमालाला विचारून चालत नाही," म्हणाले. स्वतःच्या हातानं वायर पुन्हा मागे नेऊन चिकटवली.

गिऱ्हाईक आलं. नॉब फिरवला, मीटर लावला. "साहब, ये तो कम आ रहा है."

सर पंख्याकडे बघेनात. माझ्याकडे बोट. "हिनं जोडलंय. मच्छी विकणाऱ्यांच्या हातात सोल्डरिंग गन दिली की हे असंच होणार."

सगळे माझ्याकडे बघत होते. पॅकिंग पुन्हा डोळ्यांसमोर आलं. या वेळी मी त्याच्याकडे नीट बघितलं. एवढंच? एवढ्याला मी घाबरत होते?

"वायर तुम्ही हलवलीत, सर. मी पुढे लावली होती. इथे सगळ्यांनी बघितलंय."

कुणी मान हलवली नाही. नकोच होती मला कुणाची मान. गन उचलली, वायर सोडवली, पंख्याच्या तोंडाशी लावली. मीटरवर सहा. मग नॉब पार टोकाला फिरवला. पंखा घोंघावला. मी सरांच्या अगदी जवळ गेले, रुमालाइतकी जवळ.

"घ्या सर. बोंबीलच खाऊन आलेय. भाजून."

मला पॅकिंगला पाठवलं. मी गेले नाही. घरी गेले.

आज कुंभवलीत माझं वर्कशॉप आहे. आठ मुली सोल्डरिंग करतात, मुरब्याच्या, सातपाटीच्या. दारात सुके बोंबील टांगलेत, मुद्दाम. यायचं तर त्यांच्याखालून यायचं.

गेल्या मे महिन्यात सर आले. निवृत्त झालेत, आता कंपन्यांची कामं मिळवून देतात. बोर्ड हवे होते. मी चहा दिला, आमच्यातल्याच कपातून. डोक्यावर पंखा. बटण माझ्या हाताशी. सरांचा शर्ट पाठीला चिकटलेला.

"जरा पंखा..."

"वास येतोय का, सर?"

"छे छे! वास कसला?"

"मग कशाला?"

मुली खाली मान घालून हसत होत्या. मी नाही हसले. बोर्ड मी देईन, चोख देईन, पुढे लावलेल्या वायरीचे. बटण नाही. त्या दिवशी ज्या तोंडानं माझी जात काढली, त्याच तोंडानं, या मुलींसमोर, 'खोटं मी बोललो' असं सरांनी म्हणायचं. तोवर माझा हात बटणाकडे जाणार नाही. मग मे असो की जून.