सोपानचा कान

संगीतात एम.ए. केलं की नोकरी मिळेलच असं नाही, किस्से मात्र हमखास मिळतात. बीडच्या आमच्या वर्गात मी आणि चकलांब्याचा सोपान असे दोघंच होतो. त्यामुळं वाट्याला जरा जास्तच आले.

*

प्रवेशाच्या दिवशी सोपानचे वडील मारुतीमामा मेंढरं भावाकडं सोपवून कॉलेजात आले. विभागात जोगदंड सर एकटेच. प्रमुख तेच, शिपाईही तेच.

"सर, ह्ये शिकून पोराला नोकरी लागंल का?"

"कान तयार होईल."

"कान तर मेंढरं राखून बी तयार हुतो की!"

"मग अर्धा अभ्यासक्रम झालाच," म्हणत सरांनी फॉर्म पुढं केला. मामांनी अंगठा दिला, प्रश्न मात्र मागं घेतला नाही. दर सुट्टीत तो सोपानला विचारला जायचा.

*

दुष्काळाचं वर्ष. प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आलेले. सोपानचा आलाप रंगात आला आणि गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला. तानपुरा माझ्या हातात देऊन त्यानं बादल्या उचलल्या.

"अहो, राग अर्धवट टाकून कुठं?" परीक्षक ओरडले.

"सर, टँकर विलंबितात थांबत न्हाई!"

तो परत आल्यावर परीक्षकांनी आधी तांब्याभर पाणी मागितलं, मग मार्क दिले. पैकीच्या पैकी!

*

एका सहकारी साखर कारखान्याच्या शाळेत संगीतशिक्षकाची एकच जागा निघाली. चेअरमनसाहेब म्हणाले, "स्वागतगीत म्हणा."

सोपान असा गायला, की पुढचा नंबर माझा, हेच मी विसरले.

"लई ग्वाड," साहेब म्हणाले. "पण ह्याच्यात आमचं नाव कुठं हाय?"

मी नाव घातलं. तीन वेळा! नोकरी मला लागली. सोपान पेढा खायला आला, तेव्हा मला त्याच्याकडं बघवेना. अजूनही ते टोचतं.

*

पुढच्या वर्षी उसाचं टिपरूही नव्हतं. तरी कारखान्यात बॉयलर पेटवायचा कार्यक्रम झाला.

"ऊस न्हाई तर न्हाई, गीत झालंच पाहिजे!" चेअरमनसाहेब म्हणाले.

बॉयलर त्याच आठवड्यात थंड झाला. गीत सगळ्यांना पाठ झालं.

*

सोपान तोवर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसायला लागला होता. एका शेतकऱ्याच्या बोअरवर त्यानं पाइपला कान लावला.

"पट्टी चढलीय. पाण्याबरोबर हवा ओढतीय. बंद करा, जळंल!"

मोटर वाचली. मग पार दिंद्रुडपासून बोलावणी यायला लागली. त्यानं स्वतःचं दुकान टाकलं, बोर्डावर नावापुढं 'एम.ए. संगीत' लिहिलं. का, ते कुणीच विचारलं नाही. मारुतीमामांचा प्रश्नही बंद झाला.

*

एकदा बोलावणं जोगदंड सरांकडूनच आलं. मीही गेले. सरांनी आधी स्वतःच त्यांच्या बोअरच्या पाइपला कान लावला.

"षड्ज पक्का आहे. पाणी भरपूर!"

सोपाननं कान लावला.

"सर, जरासं चढलंय. चार दिवसांचं पाणी हाय."

"अरे, तुझा षड्ज मीच लावून दिलाय!" सर हसले. सोपाननं मान खाली घातली.

पाचव्या दिवशी बोअर आटला.

सहाव्या दिवशी सर मला घेऊन चकलांब्याच्या एसटीत बसले. मारुतीमामा मेंढरांना पाला टाकत होते. सरांनी चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि विचारलं,

"मामा, सकाळी मेंढरं किती वाजता सोडता?"