रुक्मिणीबाईंचं पुसणं

रुक्मिणीबाई पहिल्यांदा माझ्या काउंटरसमोर आल्या तेव्हा म्हणाल्या, "तंबी, मज एक पुसायचें आहे." तंजावरच्या बँकेत रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. साताऱ्याहून इतक्या लांब कानावर मराठी पडेल असं ध्यानीमनी नव्हतं. मी गडबडलो आणि टेबलावरचं फडकं उचलून त्यांच्यापुढे धरलं. त्या इतक्या हसल्या, की रांगेतली माणसं वळून बघू लागली. त्यांच्या मराठीत पुसणं म्हणजे विचारणं, आणि तंबी म्हणजे तमिळमधला धाकटा भाऊ! मराठी राज्याबरोबर इकडे आलेल्या घराण्यांपैकी त्यांचं एक. शब्द त्या काळातले राहिले होते आणि हेल तमिळ झाला होता.

मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सगळा गाव त्यांना 'टीचर' म्हणे, मीही म्हणू लागलो. दर मंगळवारी त्या एक नवा प्रश्न घेऊन यायच्या. शहाळंवाल्याला आतलं पाणी न फोडता कसं कळतं, वीणेसाठी फणसाचं लाकूड किती दिवस वाळवतात, तुमची बँक माझ्या ठेवीचं पुढे काय करते. उत्तर मिळालं की छोट्या वहीत टिपून घ्यायच्या. देवनागरी त्यांना वाचता येत नसे, म्हणून मराठी वाक्यं तमिळ लिपीत लिहायच्या. त्या लिपीत 'गाडी' आणि 'काडी' एकाच अक्षराने सुरू होतात. "वाचतांना मीच पुसतें, ही गाडी की काडी," असं त्या म्हणायच्या. कुणी कंटाळलंच, तर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "पुसल्यानें कोणाचें काय जातें?"

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी मार्च महिन्यात आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की विम्याच्या पॉलिसी विकण्यात माझा नंबर शेवटचा आहे. त्याच आठवड्यात टीचर आल्या. तिरुवैयारूजवळच्या शेतातला आपला वाटा त्यांनी विकला होता. पेन्शन सोडली तर एवढीच काय ती त्यांची पुंजी. ती कुठे ठेवावी, असं त्या मला पुसत होत्या.

मी रंगीत पत्रक उघडलं. त्यांनी तीन-चार प्रश्न विचारले. मी भराभर उत्तरं दिली.

"यांत तुज किती मिळतें?"

"मला कुठलं काय, टीचर! बँकेला थोडं मिळतं."

"पुढच्या साली डोळ्यांचें ऑपरेशन आहे. मधेंच पैसे लागले तर?"

"मिळतील की," मी म्हणालो. आणि बोटाने सहीची जागा दाखवली.

"तूं आपला मनुष्य," म्हणत त्यांनी सही केली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. त्या दिवशी मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पॉलिसीचे कागद टपालाने त्यांच्या घरी पोचले आणि काही दिवसांनी त्यांचा फोन आला, "रविवारीं जेवायला ये." राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. जेवण झालं, कॉफी आली आणि मग त्यांनी कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. शेजारी इंग्रजी शब्दकोश होता. जवळजवळ प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या.

"किती शिस्तीनें लिहिलें आहे, पाहा!" त्या कौतुकाने म्हणाल्या. "हें अकरावें पान. पहिल्या वर्षीं कशाकशाचे पैसे कापतात, तें सगळें आहे. आणि पांच वर्षांपर्यंत एक पैसा काढतां येत नाहीं, असें इथें आहे. तूं मिळतील म्हणालास. मज वाटलें, माझीच इंग्रजी कच्ची. तूं हें वाचलें होतेंस ना?"

आवाजात राग असता तर मी काहीतरी सारवासारव केली असती. पण त्या खरोखरच उत्तराची वाट पाहत होत्या.

"नाही, टीचर," मी म्हणालो. "मी हे कधीच वाचलेलं नाही. आणि मलाही यात मिळतं. तेव्हा खोटं बोललो."

त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "सरी, बरें. तर आतां दोघें वाचूंया."

दुपारभर आम्ही वाचत बसलो. त्या एकेक वाक्य मोठ्याने वाचायच्या आणि मी अर्थ सांगायचा. निदान तसा प्रयत्न करायचा. निम्म्या ठिकाणी अडायचो. शेवटाकडच्या एका पानावर त्यांची पेन्सिल थांबली. कागद हातात आल्यापासून ठरावीक दिवसांत पॉलिसी परत करता येते, असं तिथे लिहिलं होतं. मी दिवस मोजले. चार उरले होते.

सोमवारी सकाळी त्यांचा अर्ज मीच नेऊन दिला. साहेबांनी मला पाऊण तास उभं करून ऐकवलं. वर्षअखेरीच्या बढतीच्या यादीतून माझं नाव गेलं. टीचरच्या पुंजीतली किरकोळ कपात सोडता बाकी सगळी रक्कम परत आली.

त्या पैशांचं काय करायचं हे ठरवायला त्यांनी पुढे चार महिने घेतले. ऑपरेशनपुरते बचत खात्यात राहिले, मोठा हिस्सा पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत गेला. थोडे मात्र त्यांनी शेअर बाजाराच्या निर्देशांकावर चालणाऱ्या फंडात दरमहा घालायला सुरुवात केली. "पन्नास कंपन्या घेतात म्हणे. त्या निवडतो कोण? आणि एखादी वाईट निघाली तर काढतो कोण?" या दोन प्रश्नांची उत्तरं मिळवण्यासाठी मला घरी जाऊन अभ्यास करावा लागला. मग बाजार एकदा धाडकन पडला. लोक घाबरून पैसे काढायला आले. टीचरही आल्या, पण हातात वही. "सगळे विकतात म्हणतां, तर घेतो कोण तें सांग." उत्तर लिहून घेतलं आणि त्या महिन्याचा हप्ता तसाच चालू ठेवून घरी गेल्या.

दोन वर्षांनी माझी साताऱ्याजवळ बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "एवढे दिवस माझेच पैसे. तुझे कोठें आहेत?"

मी खाली बघितलं आणि सांगून टाकलं. टीचरना पॉलिसी विकली त्याच्या आदल्या वर्षी, असंच टार्गेट भरायचं म्हणून, मी तीच पॉलिसी आईच्या नावावर घेतली होती. वडील गेल्यावर त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडातून तिला मिळालेल्या पैशांतून. परत करायची मुदत कधीच संपून गेली होती.

"तीस ठाऊक आहे?"

"नाही. मी जिथे म्हणतो तिथे ती सही करते."

  टीचर एवढंच म्हणाल्या, "घरीं जा. तीस वाचून दाखव. अस्सल मराठींत सांग, तुम्हांस येतें ना तें."

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मी ते कागद काढले आणि आईला ओट्यापाशी स्टुलावर बसवलं. आधी मी काय केलं ते सांगितलं. मग पहिल्या पानापासून मराठीत सांगायला सुरुवात केली. किती कापलं गेलं, का कापलं गेलं, आता बंद केली तर किती बुडतील आणि उरलेले कधी हातात येतील. अकराव्या पानावर मी थांबलो. मला वाटलं ती रडेल, किंवा नेहमीसारखं म्हणेल, जाऊ दे, तुला कळतंय तसं कर.

आईने पदराला हात पुसले, स्टूल जवळ ओढलं आणि कागदावर बोट ठेवलं.

"थांबलास का?" ती म्हणाली. "पुढचं वाच."