खांडीतली चूल

चिखलात कुजलेल्या पेंढ्याचा वास आला की मला आमच्या बांधाला पडलेली खांड आठवते. गडब गावाजवळ खाडीच्या कडेला आमचं भातशेत होतं. उधाणाने बांध फुटला होता, अमावास्येचं पुढचं उधाण दोन दिवसांवर आलं होतं, आणि उत्खनन शिकवणाऱ्या एक बाई ओहोटीला खांडीत उतरून बांधाचे थर खरवडत बसल्या होत्या. खांड बुजवायला गडी घेऊन आलेले सासरे वर येरझारा घालत होते. "आटपा गो बाय, दर्या तुमच्यासाठी थांबायचा नाय." बाईंनी त्यांनाच खाली बोलावलं आणि एकेक थर दाखवला. चिखल, पेंढा, पुन्हा चिखल. पाणी चढलं तसा बांध चढवलेला. तळाशी राख, जळकी तुसं आणि खापरं. "ही चूल आहे, आजोबा. इथे घर होतं. पाणी वाढलं तसे लोक मागे गेले आणि घराच्या जागी बांध घातला." "म्हंजे पुढची शेतं सोडली?" "सोडली, म्हणून मागची राहिली." बांध मागे घ्या असं गाव वर्षभर सांगत होतं, पण त्यात आमचं शेत बांधाबाहेर खाडीत जात होतं म्हणून सासरेच अडून बसले होते. वर येऊन ते गड्यांना म्हणाले, "बुजवू नका. मागं घ्या." घरी मी कडाडून भांडले, कारण वर्षाचा तांदूळ त्याच शेतातला होता. इतक्या वर्षांनी आता उधाणाचं पाणी त्या नव्या बांधावरूनही आत येतं. परवाच्या गावाच्या बैठकीत तो आणखी मागे घ्या असं मी म्हटलं, तर आमचं उरलेलं शेत कसणारा माझा मुलगा उठून निघून गेला.