ताबाबाईची यादी

आमची ही कुठल्याही लॉजच्या खोलीत शिरली की पिशवी खाली ठेवत नसे. पिशवी खांद्याला आणि नजर छताला. आधी पंखे मोजायची. मग दिवे, बादली, प्लॅस्टिकचा मग, टॉवेल, आरशाचा तडा, गादीवरचे डाग. सगळं वहीच्या पानावर उतरवून खाली जायची आणि मॅनेजरला म्हणायची, "भैया, इधर साइन करो." लग्नाच्या सिझनमध्ये तो बिचारा शंभर माणसं सांभाळत असायचा. त्याला वाटायचं, ही बाई खोली विकत घेतेय.

दिल्लीत आमच्या लक्ष्मीबाई नगरातल्या मराठी बायका तिला ताबाबाई म्हणायच्या. सरकारी क्वार्टरमध्ये राहिलेल्यांना कळेल, बाकीच्यांना सांगतो. क्वार्टरचा ताबा घेताना एक यादी मिळते. पंखे किती, नळ किती, काचा किती. खाली आपण सही करायची आणि सोडताना त्या यादीप्रमाणे सगळं परत द्यायचं. आमचा पहिला क्वार्टर सरोजिनी नगरात. यादीत पंखे तीन, छताला दोन. सही मी केली होती. मी चौथी शिकलेला, हपिसात शिपाई. मला वाचायला वेळ लागतो. चार लोकांसमोर तो कशाला दाखवा, म्हणून वाचल्यासारखं केलं आणि झोकात सही ठोकली. सोडताना तिसऱ्या पंख्याचे पैसे पगारातून कापले गेले. जन्मात ज्याचा वारा घेतला नाही त्या पंख्याची किंमत भरणारा दिल्लीत मी एकटाच असेन. त्यानंतर हिनं कुठलीही यादी माझ्या हातात दिली नाही.

तिची खरी कीर्ती झाली ती माझ्या पुतण्याच्या लग्नात. नोएडाचं चकचकीत हॉटेल होतं. खोलीचं भाडं मुलीकडच्यांचं, पण खोलीतल्या फ्रिजमधलं जो खाईल त्याचं. निघताना बिलात काजूची दोन पाकिटं आली. हिनं पिशवीतून पान काढलं. "फ्रिज: पाणी दोन बाटल्या. काजू नाहीत." खाली त्यांच्याच माणसाची सही.

काउंटरवरचा टायवाला म्हणाला, "मॅडम, सिस्टम में दिखा रहा है."

"तो सिस्टम से पैसे लो. काजू सिस्टम ने खाए होंगे."

मी त्या वेळी लॉबीतल्या माशांच्या टाकीजवळ उभा होतो. ही बाई कोणाबरोबर आलीय ते मला काय ठाऊक, असा चेहरा करून. काजू बिलातून गेले. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "किती होते मासे?"

"मोजले नाहीत."

"तुम्ही कुठे काय मोजता."

गुडगावात एका ठिकाणी बिलाला सर्व्हिस चार्ज लावला होता. ही म्हणाली, "चादर मैंने बिछाई, बाल्टी मैंने धोई. सर्विस का पैसा तो मुझे मिलना चाहिए." मॅनेजर हसला, मागचे गिऱ्हाईक हसले, चार्ज निघाला. मागच्यांनी मग आपापल्या बिलातलाही काढून घेतला. तोवर ते सगळे माझ्यासारखेच छत बघत होते. दुसरा कोणी भांडला की आपल्याला पण स्वाभिमान फुटतो.

बाई फुकटी होती असं मात्र कोणी समजू नये. गाझियाबादच्या लॉजमध्ये तिच्या हातून काचेचा जग फुटला. खोली बघायला आलेल्या माणसाच्या लक्षातही आलं नव्हतं. मी डोळ्यांनी खुणावत होतो, चल, चल. ती सरळ काउंटरवर गेली. "जग मैंने तोड़ा. लिखो." मग जगाच्या किमतीवरून पंधरा मिनिटं घासाघीस केली, तो भाग वेगळा. मला म्हणाली, "मी भांडत नाही हो. जेवढं घेतलं तेवढं द्यायचं, वर एक पैसा नाही आणि खाली एक पैसा नाही."

मी रिटायर झालो, क्वार्टर सोडला, गावी साताऱ्याकडे गेलो. ज्या दिल्लीत तीस वर्षं काढली तिथं परत आलो ते पाहुणे होऊन. हिच्या उपचारासाठी. मोठ्या इस्पितळाला जवळ म्हणून मुनिरकात गेस्ट हाऊस घेतलं. पाटीवर 'हवादार कमरे' लिहिलेलं. खिडकी उघडली की शेजारच्याची भिंत नाकाला लागत होती, तेवढीच काय ती हवा. हिला जिने चढून धाप लागली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं पिशवी आधी खाली ठेवली आणि पलंगावर बसूनच यादी सांगितली. मी लिहिली. पंखा एक, उशा दोन, टॉवेल दोन, गरम पाणी नाही. मॅनेजरचा दर होता एका माणसाचा, दुसऱ्या माणसाचे रोजचे वेगळे.

सातव्या दिवशी सकाळी तिला भरती केलं. स्ट्रेचरवरून म्हणाली, "आजपासून खोलीत एकच माणूस. खाली सांगा. उगाच बिल चढेल."

"सांगतो."

नाही सांगितलं. सांगितलं असतं तर त्यांनी दुसरी उशी काढून नेली असती. रोज ती विचारायची, "सांगितलंत का?" मी म्हणायचो, "केव्हाच." मॅनेजर रोज विचारायचा, "आंटी कैसी हैं?" मी म्हणायचो, "ठीक हैं." दोन्हीकडे खोटं बोलायला शिक्षण लागत नाही.

नऊ रात्री गेल्या. दहाव्या दिवशी सकाळी सातला ती गेली. इस्पितळात कागदासाठी तिचं आधार कार्ड मागितलं. ते खोलीत होतं. मी चालत आलो. साडेअकरा झाले होते. मला बघून मॅनेजर म्हणाला, "अंकल, बारह के बाद अगला दिन लगेगा. रखना है कि छोड़ना है?" त्याचा काही दोष नाही. बाराला दिवस बदलतो असा त्यांचा नियम आहे.

"छोड़ना है."

वर गेलो, दोघांचं सामान एका पिशवीत कोंबलं, खाली आलो. बिल तयार होतं. पंधरा दिवस, माणसं दोन, गीझरचे वेगळे. पैसे खिशात होते. देऊन मोकळा होऊ शकत होतो. तसाच जगलो होतो मी. पण ती नऊ दिवस मरायला टेकलेली असताना रोज तेवढंच एक विचारत होती. तिचं हे एकच काम माझ्याकडे राहिलेलं.

मी म्हणालो, "दूसरे आदमी का छह दिन लगाओ. पंद्रह नहीं."

"अंकल, आपने बताया ही नहीं. रजिस्टर में दो हैं."

"नहीं बताया. मेरी गलती. पर नौ दिन वो यहाँ नहीं थी."

मागे दोन विद्यार्थी किल्ली द्यायला उभे होते, त्यांची चुळबुळ सुरू झाली. मॅनेजर हसून म्हणाला, "चलो, आंटी को आने दो. वो तो सब लिख के रखती हैं. वो बोलेंगी तो काट दूँगा."

"वो नहीं आएगी. आज सुबह चली गई."

बायको गेल्याचं मी सगळ्यांत आधी कोणाला सांगितलं, तर गेस्ट हाऊसच्या मॅनेजरला. आणि तेही बिल कमी करून घ्यायला. मुलाला नाही, तिच्या भावाला नाही. असा मी नवरा.

मॅनेजरनं रजिस्टर मिटलं. "अंकल, रहने दीजिए. कुछ मत दीजिए."

मला राग आला. पंधरा दिवस बादलीभर गरम पाण्यासाठी ज्यानं तंगवलं तो एकदम दानशूर झाला होता. मी म्हणालो, "रहने मत दो. मैं पंद्रह दिन रहा, वो छह दिन. उतना लिखो. और गीझर काटो, पानी ठंडा था."

त्यानं रजिस्टर उघडलं. नऊ दिवस खोडले, गीझर खोडला, नवी बेरीज मारली. मागच्या विद्यार्थ्यांतल्या एकानं माझी पिशवी उचलून दारापर्यंत आणली. मी पैसे मोजून दिले, पावती घेतली आणि गल्लीत आलो.

मुलगा फौजेत आहे. आईला भेटायला सुट्टी काढून जम्मूहून रेल्वेनं निघाला होता. सकाळपासून त्याचे सहा फोन येऊन गेले होते. मी लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"बाबा, पठाणकोट गेलं. आई कशी आहे?"

काउंटरवर जमलं होतं मला. अनोळखी माणसासमोर, भर दुपारी, धडधडीत. एकदा बोललं की दुसऱ्यांदा जीभ वळते असा माझा समज होता. गल्लीत डोक्यावर विजेच्या तारांचा गुंता होता, तो बघत मी उभा राहिलो.

"बाबा?"

"डब्यात काही मिळतंय का बघ," मी म्हणालो. "आधी दोन घास खाऊन घे."

त्यानं आईचं परत विचारलं नाही. म्हणाला, "खातो."