केओलमुंडची शपथ

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात, सेव्हर्न नदीकाठच्या केओलमुंडला स्वतःचा अभिमान होता, आणि का नसावा? जन्माने तो चर्ल, म्हणजे स्वतंत्र पण साधा शेतकरी. बाप दुसऱ्याच्या शेतात राबून गेला. याने रान तोडलं, दलदल उपसली आणि पाच नांगरांची जमीन उभी केली. वर स्वतःचं लाकडी चर्च, त्याला घंटा आणि घराला वेगळं स्वयंपाकघर. तरी 'चर्ल' म्हणताना त्याचा आवाज खाली यायचा.

कायद्याने एवढं सगळं असलेला चर्ल थेन, म्हणजे सरदार, होऊ शकायचा. फक्त राजाच्या दरबारात कुणीतरी त्याच्यासाठी शब्द टाकायला हवा. शेजारचा थेन एथेलमोड तयार झाला, तशी केओलमुंडची बायको बेओर्नविन नवा झगा शिवायला बसली.

"सरदारीणबाई, पेज करपतेय," तो चिडवायचा.

"सरदारीण पेज ढवळत नसते," असं म्हणत ती उठून ढवळायची.

तेवढ्यात एथेलमोडचा बैल हरवला आणि आळ आला हुन्नावर. हुन्ना केओलमुंडचा बालमित्र. ती दलदल दोघांनी मिळून उपसली होती, आणि दुसऱ्याच्या गोठ्यात हात घालणारा हा गडी नव्हे.

ओकच्या झाडाखाली पंचायत भरली. एथेलमोडने शपथेवर आरोप केला, हुन्नाने शपथेवर तो नाकारला. थेनची एक शपथ म्हणजे चर्लांच्या सहा, म्हणून हुन्नाच्या बाजूने शपथ घ्यायला सहा चर्ल हवे होते. हुन्नासाठी पाच जण उभे राहिले, सहावा काही येईना. बाकीच्यांना एथेलमोडचा धाक. सहावा मिळाला नाही, तर हुन्नाच्या गळ्यात दोर पडणार होता.

केओलमुंड थेनासारखं शिरस्त्राण घालून, सोनेरी मुठीची तलवार लावून थेनांच्या बाकापाशी उभा होता. एथेलमोड त्याच्या कानाशी लागला. "गप्प राहा. त्या रांगेत गेलास, तर दरबारात कोणत्या तोंडाने तुला थेन म्हणू?"

आयुष्यभराची हौस हाताशी आली होती. त्याने बायकोकडे पाहिलं. नवा झगा घालून ती हुन्नाकडे बघत होती. मग तिने नवऱ्यापुढे हात केला.

"द्या ते शिरस्त्राण इकडे. उन्हात डोकं शिजेल."

त्याने ते दिलं, तलवारही दिली, आणि पाचांच्या शेजारी जाऊन संताच्या अस्थींच्या पेटीवर हात ठेवला.

"कोण म्हणून शपथ घेतोस?" पंचायतीच्या कारभाऱ्याने विचारलं.

"चर्ल," केओलमुंड म्हणाला. नदीपलीकडच्या गुराख्यांनीही वळून पाहिलं. "देवाशपथ, हुन्नाचा शब्द स्वच्छ आहे."

हुन्ना सुटला. एथेलमोड घोड्यावर बसला आणि निघून गेला.

संध्याकाळी केओलमुंड हुन्नाला घेऊन घरी आला. "काय, सरदारीणबाई? पेज झाली का?"

बेओर्नविनने डाव त्याच्या हातात दिला. "सरदारीण गेली. आता तुम्हीच ढवळा."

केओलमुंड ढवळू लागला. छाती अजून पुढेच होती.