वार कोणता?

दातारसर गेल्याचा मेसेज कॉलेजच्या ग्रुपवर आला तेव्हा मी मोखाड्याच्या बाजारात वांगी निवडत होते. खरं सांगते, आधी मला हायसं वाटलं. आता ते मला पुन्हा काही विचारणार नाहीत, हा पहिला विचार. रडू नंतर आलं, परतीच्या जीपमध्ये, तेही शेजारणीनं 'काय झालं बाई?' विचारलं म्हणून. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलते की, माणूस चांगलाच होता. वाईट कोण होतं, ते पुढे येईलच.

आठ वर्षांपूर्वी ते पुण्याहून जव्हारच्या आमच्या कॉलेजात आले आणि पहिल्याच आठवड्यात नव्या मुलांना पोस्टकार्डाएवढी कार्डं वाटली. वर एक ओळ शिक्षणाच्या ध्येयाची, खाली एक स्वतःच्या. मोठे शब्द चालायचे नाहीत. "ध्येय म्हणजे एस्टीची पाटी नव्हे रे, गाडी कधी सुटणार ते लिहा!" म्हणायचे. एकानं 'पोलीस' लिहिलं तर त्याला उभं करून, "त्यासाठी या आठवड्यात काय करशील?" "पलीन सर." "कुठवर?" "जामसरच्या फाट्यापर्यंत." "वार कोणता?" पोरगं गडबडून म्हणालं, गुरुवार. गुरुवारी सकाळी सर घड्याळ घेऊन फाट्यावर हजर! असा खुळा माणूस. पोरं त्यांना घाबरायची आणि त्यांच्यावर जीवही टाकायची. मी मात्र जळायचे. माझा जन्म जव्हारचा, वडिलांचं किराणा दुकान. मराठी शिकवायला मी, आणि हे भरवर्गात येऊन माझं वाक्य दुरुस्त करून गेले. वर हसत म्हणाले, "वाणीबाई, तुमचं मराठी जरा जव्हारीच आहे हं!" पोरं हसली. ते मी गाठीशी बांधून ठेवलं.

त्याच महिन्यात यमुनाचं कार्ड आलं. दाभोशाची मुलगी, घरातली पहिली बारावी पास. तिच्या बापाला समजवायला सर स्वतः तिच्या घरी जाऊन आले होते. वरच्या ओळीत तिनं लिहिलं होतं, 'पंधरावी करायची.' खालच्या ओळीत, 'दिवाळी झाल्यावर जगायला जायचे.' सर ते वाचून थरारलेच. मला हाताला धरून वर्गात नेलं. "ऐका रे! नोकरी नाही, पगार नाही... जगायला! एकटी जाणार की कुणाला बरोबर नेणार, यमुना?" ती खाली बघून म्हणाली, "सगलीच जातात, सर." "सगळेच! वा!" त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या, कार्डावर लाल शाईनं 'अवश्य जा. मागे वळून पाहू नकोस' लिहिलं आणि ते फळ्याशेजारी टाचलं.

आमच्याकडे जगायला जाणं म्हणजे भात झोडून झालं की बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर कामाला जाणं. लहानपणापासून दर दिवाळीनंतर दुकानाच्या पायरीवर ऐकत आले, 'जगायला चाललो, शेट.' वर्गातल्या अर्ध्या पोरांना ठाऊक होतं, पण सरांना चूक दाखवायची त्यांची काय बिशाद? माझी होती. एका वाक्याचं काम होतं. मी दारात उभी राहून टाळ्या वाजवल्या... म्हटलं, घ्या, शिका आता जव्हारी मराठी.

दिवाळीची सुट्टी संपली तरी यमुना दिसेना. सरांनी स्टाफरूममध्ये विचारलं तेव्हा चहा ठेवता ठेवता शिपाई म्हणाला, "ती जगायला गेली ना, भट्टीवर. तुम्हीच तर टाळ्या वाजवल्यात." सरांनी कप बाजूला सारला. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं?" मी म्हणाले, "नाही हो." शिपायानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कप उचलून गेला.

तिसऱ्या भट्टीवर ती त्यांना सापडली, हात चिखलात. ती काय बोलली ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. "सर, मला वाटला तुम्ही नको म्हणाल. माझा बा तुमचा ऐकतो. म्हणून तर लिवला." बाप तिला सोडायला तयार झाला होता, पण परीक्षेच्या अर्जाची मुदत टळून गेली होती. पुढच्या वर्षी तिचं लग्नच झालं, गावातल्या गावात. सरांनी कार्डावर तिसरी ओळ छापून घेतली, 'दिवाळीनंतर कुठे असशील?', आणि त्या ओळीपायी दरवर्षी गावोगाव जाऊन बापांशी भांडले. कितीतरी पोरं अडवली. यमुनाचं नाव निघालं की मात्र मी विषय बदलायचे.

तेराव्यानंतर वहिनींनी कार्डांची पत्र्याची पेटी माझ्याकडे दिली. "तुमच्यावर फार विश्वास त्यांचा," म्हणाल्या. सगळ्यांत वर यमुनाचं कार्ड होतं, टाचणीचं भोक पडलेलं. मागे लाल शाईत सरांचं अक्षर : 'वाणीबाई इथल्या असून त्यांनाही हा शब्द माहीत नव्हता. मग मी तरी कुणाला विचारणार होतो?' आठ वर्षं एवढ्याच आधारावर काढली त्यांनी, आणि तो आधारही खोटा होता.

या वर्षीची कार्डं मीच वाटली. उरलेल्यांतलं एक स्वतःसाठी घेतलं आणि लिहिलं, 'दाभोशाला जाऊन यमुनाला खरं सांगायचं.' पेटी माझ्या टेबलावर असते, कार्ड तिच्यातच आहे. झाकण उघडलं की सर विचारतातच, वार कोणता? रोज एक जीप जाते दाभोशाला. वार अजून लिहिलेला नाही.