काकूने पारखलेली सळई

माझ्या धाकट्या जावेने आयुष्यात एकही वस्तू पहिल्याच दुकानात घेतलेली नाही. माझ्या दिरालाही तिने बाकीची स्थळं बघून झाल्यावरच होकार दिला, असं ती त्याच्यासमोर सांगते. माजलगावच्या बाजारात ती कुकर घ्यायला गेली की दुकानदाराला गॅस पेटवून शिट्टी ऐकवावी लागते. तिच्याबरोबर खरेदीला जाणं म्हणजे अख्खा दिवस वाया. पण माझी लेक सदा तिच्याच मागे. मी काही विचारलं तर "काही नाही" म्हणणारी पोरगी काकूजवळ तासन्‌तास बोलायची. मला ते लई झोंबायचं.

लेकीचा कणा वाकडा होतोय, हेही आधी काकूलाच दिसलं. ड्रेस एका खांद्यावरून सारखा उतरतो म्हणून तिने पोरीला वाकायला लावलं. "अक्का, हिची एक बाजू उचललेली हाय, बघा." आई मी, आणि दाखवणार ती!

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा आम्ही नवरा-बायको गारच पडलो. जावेने पदर खोचला. "काय काय बसवत्यात, समदं दाखवा."

डॉक्टरांनी टेबलावर नमुने मांडले. एक लवचिक दोरी होती. तिने पाठ वाकती राहते, पण अंगात वाढ शिल्लक लागते, आणि लेकीची वाढ संपत आलेली. मग उरल्या मणक्यांना स्क्रूने बसवायच्या स्टीलच्या आणि टायटॅनियमच्या सळया. जावबाईंनी दोन्ही तळहातावर तोलल्या, वाकवून पाहिल्या, एक नाकालाही लावली.

"पुढंमागं एमआरआय काढायचा झाला तर कोणती कमी आड येईल?"

"टायटॅनियमची."

"आन् स्क्रू ढिला झाला तर?"

डॉक्टर हसले. "मावशी, हा कुकर नाही."

"म्हणूनच इचारतीय. ही परत करता येत न्हाई."

लेकीने काकूकडे बघून मान हलवली. माझ्याकडे नाही. टायटॅनियम ठरलं.

शुद्धीवर येताच पोरगी पुटपुटली, "काकू कुठंय?" मी उशाशीच उभी होते. तशीच बाहेर आले. दुकानदारांना घाम फोडणारी ती बाई जिन्यात बसून रडत होती.

"अक्का, माझं निवडणं चुकलं असंल तर? लेक तुमची हाय ओ."

"पाय हलवतीय ती," मी म्हटलं. "जा, तुलाच बोलावतीय."

ती डोळे पुसत आत पळाली. मी तिच्या जागी बसून राहिले.

आता लेक ताठ चालते, माझ्याहून उंच दिसते. शिकायला बाहेरगावी असते. तिचा फोन अजूनही आधी काकूलाच येतो. मग शेजारच्या खोलीतून जावेचा आवाज ऐकू येतो, "आधी आईला लाव की गं!" आणि माझा फोन वाजतो. मी तो लगेच उचलत नाही. थोडा वेळ नुसता वाजू देते.